मिनीव्हॅन, तीन मुलं आणि तिसऱ्या रांगेतलं बक्कल: वापरानंतरचा अनुभव

तिसऱ्या रांगेतल्या सीटबेल्टचं बक्कल माझ्या मोठ्या मुलाच्या हाताला लागत नाही, ही तक्रार घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, एक्स्टेंडर लावून घ्या, बाहेर कुठेही मिळतो." एक्स्टेंडर म्हणजे बेल्ट लांब करायला बक्कलात अडकवायचा जादा तुकडा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये चाईल्ड सीट किंवा बूस्टरसोबत (बेल्ट नीट बसावा म्हणून मोठ्या मुलाला उंच करणारी बैठक) एक्स्टेंडर वापरू नका असं स्वच्छ लिहिलंय. मी ते पान उघडून त्याच्यासमोर धरलं. त्याने पान वाचलं नाही. ज्यांच्याकडे मुलांची गाडी विश्वासाने द्यायची, त्यांनी असा सल्ला द्यावा याचा मला अजून राग आहे. आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

एक्स्टेंडरने बिघडतं काय, ते आधी सांगते. बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर, मांड्यांच्या वरच्या टोकाला टेकलेला हवा. धक्का बसला की तो भार हाडांनी घ्यायचा असतो. एक्स्टेंडर जोडला की बक्कल वर आणि पुढे येतं, कधी थेट पोटावर. पट्टाही मग वर सरकतो आणि सगळा जोर पोटातल्या नाजूक अवयवांवर जातो. मुलाला लावायला सोपं पडावं म्हणून त्याच्या पोटावर ही जोखीम मी घेणार नाही.

आता गाडीबद्दल. दोन, दोन, तीन अशी बैठक. मधल्या रांगेत दोन सुट्या कॅप्टन सीट, मागे तिघांचा बाक. इंजिन, मायलेज, स्क्रीन यांबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, ते परत लिहीत नाही. आमच्याकडे धाकटी मागे तोंड करून बसते, मधला पुढे तोंड करून पाच पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये, आणि मोठा बूस्टरवर. गाडी घेताना "तीन मुलं, सात सीट, प्रश्नच नाही" असं सगळे म्हणत होते. पण तीन चाईल्ड सीट असलेल्या घराला सात सीटचा हिशोब लागू होत नाही. कोणती सीट कुठे बसू शकते, हा वेगळाच हिशोब आहे.

आयसोफिक्सचे हूक, म्हणजे बेल्टशिवाय चाईल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या जागा, आमच्या गाडीत फक्त मधल्या रांगेत आहेत. तिसऱ्या रांगेत हूक नाहीत आणि टॉप टेदर, म्हणजे चाईल्ड सीटचं वरचं टोक मागे बांधणारा पट्टा, त्याची जागाही नाही. मधल्याची सीट पुढे तोंड करणारी, तिला टेदर हवाच. धडक झाली की मुलाचं डोकं पुढे फेकलं जातं आणि ते अंतर टेदरमुळे बरंच कमी होतं. त्यामुळे मधला मागच्या बाकावर जाऊ शकत नाही. धाकटीचा पाळणा (मागे तोंड करणारी बाळाची सीट) नुसत्या बेल्टनेही बसतो, पण दर वेळी तिला हातात धरून, वाकून, दोन सीटच्या मधून मागे नेणं म्हणजे माझी पाठ गेलीच. उरला मोठा. बूस्टरला साधा तीन टोकांचा बेल्ट पुरतो, म्हणून तिसरी रांग त्याची. सगळं फिरवून पाहिलं तरी हाच एक मार्ग उरतो, आणि नेमकं त्याच रांगेतलं बक्कल मुलाला लावता येत नाही.

कारण साधं आहे. तिसरी रांग दुमडून जमिनीतल्या खड्ड्यात जाते. सीट सपाट व्हावी म्हणून तिथली बक्कलं कडक दांड्यावर नाहीत, मऊ पट्ट्यावर आहेत, आणि सीटच्या फोममध्ये कापलेल्या खाचेत रुतून बसतात. वर बूस्टर ठेवला की त्याची कड बरोबर त्या खाचेवर येते. माझा मुलगा डाव्या हाताने बूस्टरची कड उचलतो, उजव्या हातात बेल्टची जीभ, आणि बक्कल शोधायला तिसरा हात नसतो. सापडलंच तर जीभ दाबताना पट्टा वाकतो आणि बक्कल पुन्हा खाली जातं. खटका बसत नाही. तो रडकुंडीला येतो, मी मागे चढते, मधल्याचा बूट माझ्या कानाला लागतो, धाकटी जागी होते. शाळेच्या वेळेला हे रोज. मधल्या रांगेतलं बक्कल मात्र प्लॅस्टिकच्या कडक दांड्यावर ताठ उभं आहे, ते याच मुलाने एका हाताने, न बघता लावलंय. म्हणजे मुलाला जमत नाही असं नाही. गाडीने त्याला जमू दिलं नाही.

हे कुठल्याही माहितीपत्रकात नाही. अमेरिकेतली आयआयएचएस ही रस्ता-सुरक्षा संस्था २०१५ पासून गाड्यांमधल्या चाईल्ड सीटच्या हुकांना गुण देते: हूक किती खोल आहेत, जोडायला किती जोर लागतो, भोवती जागा किती, टेदर सहज दिसतो का. फार उपयोगी काम आहे, घेण्याआधी जरूर पाहा. पण ती पारख हुकांची आणि टेदरची. बूस्टरवरचं मूल तर ना हार्नेसमध्ये असतं ना हुकावर, ते पूर्णपणे गाडीच्या बेल्टवर अवलंबून असतं. शिवाय मूल बूस्टरवर वर्षानुवर्षं राहतं. युरोपात नियम १५० सेंटिमीटर उंचीपर्यंतचा आहे, काही देशांनी तो १३५ वर आणलाय. अमेरिकेत ४ फूट ९ इंच, म्हणजे साधारण १४५ सेंटिमीटर, ही खूण सांगतात. सगळ्यात लांब टप्पा हाच, आणि बनवणाऱ्यांनी सगळ्यात कमी विचार याच टप्प्याचा केलाय.

गाडी घेतली तेव्हा मी मधल्या रांगेत बाक हवा म्हणून हटून बसले होते, एक सीट जास्त मिळते म्हणून. नवऱ्याने कॅप्टन सीटचा आग्रह धरला. आता मी पूर्ण त्याच्या बाजूची आहे. चाईल्ड सीट बसवलेली असताना मधली सीट पुढे झुकवून मागे जायची वाट करता येत नाही. विक्रेता जी एका हाताने सीट सरकवून दाखवतो, ती रिकाम्या सीटची गंमत असते. दोन कॅप्टन सीटमधली अरुंद गल्लीच आमच्या मोठ्याची खरी वाट आहे. बाक असता तर त्याला रोज डिक्कीतून चढवावं लागलं असतं.

कॅप्टन सीटच्या ताठ बक्कलाचं मी वर कौतुक केलं, त्याचीही दुसरी बाजू काही महिन्यांनी कळली. आयसोफिक्सला वजनाची मर्यादा असते. युरोपीय आर१२९ नियमात मूल आणि सीट मिळून ३३ किलो, अमेरिकेत ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलोच्या आसपास. सीटच बारा-पंधरा किलोची असली की मुलाच्या वाट्याला किती उरतं ते बघा. आमच्या मधल्याच्या सीटवर हुकांसाठी १८ किलोची मर्यादा छापलेली आहे. तो तिथे पोहोचला आणि तीच सीट गाडीच्या बेल्टने बसवायची वेळ आली. बेल्ट ओढला, तर ताठ दांड्यावरचं बक्कल नेमकं चाईल्ड सीटच्या चौकटीच्या कडेवर येऊन टेकलं. असं बक्कल कडेवर वाकून राहणं धोक्याचं, कारण ताण सरळ पट्ट्यावर न येता बक्कलाच्या अंगावर येतो. शेवटी गाडीच्या सीटची पाठ एक खाच मागे केली तेव्हा बक्कल कडेपासून सुटलं. बेल्टच्या मार्गापाशी धरून हलवून पाहिलं, अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी हललं, तेव्हाच समाधान झालं. टेदर अर्थातच लावला. तेव्हा ताठ बक्कल चांगलं हे माझं मत बूस्टरपुरतं खरं धरा. हार्नेसच्या सीटसाठी आपली स्वतःची सीट लावूनच पाहायला हवी.

धाकटीच्या बाबतीत अडचण पायाखाली होती. तिचा पाळणा ज्यावर अडकतो त्या बेसला जमिनीवर टेकणारा आधार-पाय आहे. आणि मधल्या रांगेतल्या सीटच्या समोर, जमिनीत, झाकणाचा सामानाचा कप्पा. दाखवताना काय कौतुक त्या कप्प्याचं! झाकण पोकळ, त्यावर पाय टेकवायला मॅन्युअलने मनाई केलेली. बेस बाजूला ठेवून आता पाळणा बेल्टनेच बसवतो. बसतो घट्ट, पण बेसचे पैसे पाण्यात गेले आणि ते मला लागलंय. तुमच्या सीटला आधार-पाय असेल तर गाडीची जमीन ठोकून पाहा आणि मॅन्युअलमधलं पान विक्रेत्याकडून उघडून घ्या.

एवढं सगळं असूनही सरकत्या दारांवर माझा जीव जडलाय. क्रायस्लरने १९८३ च्या अखेरीस कॅरॅव्हॅन आणि व्हॉयेजर आणल्या, पुढच्या वर्षी युरोपात रेनोची एस्पास आली. सखल सपाट जमीन आणि घरासारखी जागा ही कल्पना तेव्हापासूनची, सरकतं दार मात्र त्यातल्या अमेरिकन गाड्यांना होतं. आयसोफिक्सचं आंतरराष्ट्रीय मानक त्यानंतर खूप उशिरा, १९९९ मध्ये आलं, आणि तरीही हे दार जणू चाईल्ड सीटसाठीच केल्यासारखं वाटतं. शेजारची गाडी चिकटून उभी असली तरी पूर्ण उघडतं. मुलाने जोरात ढकललं तरी कुणाच्या गाडीला लागत नाही. मी आत उभी राहून, पाठ न वाकवता हार्नेस लावू शकते. बटणावर चालणारं दार हे मला सुरुवातीला चोचले वाटायचे. एका हातात झोपलेलं बाळ आणि दुसऱ्या हातात मधल्याचं मनगट असताना दार आपोआप उघडलं, त्या क्षणापासून तो पैसा वसूल.

मग ते दार बिघडलं. अर्ध्यावर जाऊन परत उघडायचं. सर्व्हिस सेंटरने (तेच) मोटर बदलावी लागेल म्हणून सांगितलं आणि खर्चाचा अंदाज काढून हातात दिला. मी घरी येऊन खालच्या रुळात टॉर्च मारला. बिस्किटाचा चुरा, वाळू, आणि रोलरच्या वाटेत अडकलेला हरभऱ्याएवढा खडा. बोट चेंगरू नये म्हणून अडथळा जाणवला की दार उलटं फिरतं, ते आपलं काम चोख करत होतं. रूळ व्हॅक्यूमने साफ केला, ओल्या फडक्याने पुसला, दार पहिल्यासारखं. मोटरला काही झालं नव्हतं. मुलं असलेल्या घरात हा रूळ दर आठवड्याला साफ करायलाच हवा, आणि मोटरचा खर्च कुणी सांगितला तर आधी स्वतः वाकून पाहा.

बाकीचं थोडक्यात. तिसरी रांग उभी असताना मागचा खड्डा रिकामा राहतो, त्यात बाबागाडी उभी मावते. हे फार सोयीचं. तिसऱ्या रांगेला एसीचे वेगळे झरोके आहेत, पण मागे तोंड करून बसलेल्या बाळापर्यंत हवा उशिरा पोहोचते. त्यामुळे गाडी आधी थोडी थंड करून मगच निघतो. सीटचं कापड धुऊन निघतं. आवाज जास्त आहे, सवय झाली.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट मनात घर करून आहे. आयआयएचएसने २०२३ मध्ये चार मिनीव्हॅन पुढून धडकवून मागच्या प्रवाशाची सुरक्षा तपासली. एकीलाही "चांगली" हा शेरा मिळाला नाही. ज्या गाड्या कुटुंबासाठी म्हणूनच विकल्या जातात त्यांचा हा निकाल. चाचणीतला पुतळा छोट्या चणीच्या बाईच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचा होता, म्हणजे हार्नेस सुटून बेल्टवर आलेल्या मुलांचा प्रश्न पुन्हा समोर येतोच. हार्नेसमधली लहान मुलं मागच्या सीटवरच सगळ्यात सुरक्षित, हे त्या संस्थेनेही सांगितलंय. आणि मी धाकटीला मागे तोंड करून जितकं ठेवता येईल तितकं ठेवणार आहे, तिच्या सीटची मर्यादा संपेपर्यंत. लोक "पाय दुमडतात बिचारीचे" म्हणतात. दुमडू देत.

बक्कलाचं सध्या असं चाललंय: बूस्टर बदलला. बूड रुंद होतं, आता अरुंद बुडाचा, पाठ असलेला घेतला. तो खाचेपासून दोन बोटं दूर बसतो, बेल्ट तरीही कमरेवर आणि खांद्याच्या मधोमध येतो. मुलाला आम्ही शिकवलं की नीट टेकून बसण्याआधी, किंचित वाकून, एका हाताने बक्कलाचा पट्टा मुळाशी धरायचा आणि मग जीभ दाबायची. खटका ऐकला की मागे टेकायचं, खांद्याकडचा पट्टा ओढून सैल भाग काढायचा. बहुतेक वेळा जमतं. घाईत अजून हाक येते. मी प्रत्येक वेळी मागे वळून पट्टा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. आणि बूस्टर रिकामा असला तरी बेल्ट लावून ठेवतो, कारण मागे हूक नसल्याने तो सुटा आहे आणि ब्रेक लागला तर उडेल.

गाडी बनवणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार पाठवली आहे: तिसऱ्या रांगेतल्या निदान एका बक्कलाच्या पट्ट्याला कडक बाही, म्हणजे ताठ आवरण, द्या. सीट दुमडताना ती आत जाईल अशी करता येत नसेल यावर माझा विश्वास नाही. उत्तर आलं ते "आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे" एवढंच. पुन्हा पाठवणार आहे, सोबत एक्स्टेंडरचा सल्ला देणाऱ्या सेंटरची तक्रारही.

गाडी विकणार नाही. मधला बूस्टरवर आला की त्याची कॅप्टन सीट मोठ्याला मिळेल की त्यालाच राहील, यावर घरात आत्तापासून भांडण आहे. पण घेणाऱ्यांनी एवढं कराच: आपल्या सगळ्या चाईल्ड सीट आणि बूस्टर घेऊन जा, मुलंही घेऊन जा, एका वेळी सगळ्या लावून पाहा, आणि बूस्टरवरच्या मुलाला कुणाच्याही मदतीशिवाय बेल्ट लावायला सांगा. विक्रेता घाई करत असेल तर करू द्या.