साडेतीन स्टार, आणि एक ओला ब्लाउजपीस: मागे कप्पे असलेल्या फिशटँकचा सात महिन्यांचा अनुभव

नागपुरात प्रतापनगरला माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं छोटं दुकान आहे. बायका मापं द्यायला येतात आणि तेवढ्या वेळात सोबतची पोरं टाचण्यांच्या डबीत हात घालतात. त्यांना गुंतवायला म्हणून दिवाळीत हा टँक घेतला. मागच्या बाजूला काळ्या पार्टिशनआड फिल्टरचे तीन कप्पे, बाहेर कुठे नळी लोंबत नाही, डबा टांगलेला नाही, म्हणून पसंत पडला. 4,300 रुपयांत लाइट, पंप, स्पंज आणि सिरॅमिक रिंगांची पिशवी मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते या पद्धतीच्या बऱ्याच टँकना लागू पडेल.

दिसायला देखणा आहे, त्यात वाद नाही. काच स्वच्छ, सिलिकॉनची रेघ सरळ, पंपाचा आवाज शिलाई मशीनच्या पुढे ऐकूही येत नाही. आठ गप्पी मासे सोडले आणि थोडी व्हॅलिस्नेरिया, म्हणजे लांब पातीची पाणवनस्पती, लावली. पोरं काचेला नाक लावून बसतात आणि मी निवांत मापं घेते. थंडी संपेपर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

मार्चमधल्या एका सोमवारी शटर उघडलं तर आतून खर्रर्र आवाज. पाणी पांढुरकं, बारीक बुडबुड्यांनी भरलेलं. मागे वाकून पाहिलं तर पंपाच्या कप्प्यात तळाला चार बोटं पाणी, आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढतोय. समोर मात्र टँक काठोकाठ. विकणाऱ्या भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "पंप गेला असेल ताई, नवीन घेऊन जा." पंप गेला नव्हता. तासभर अजून तसाच चालला असता तर मात्र गेला असता, कारण हा पंप पाण्यानेच थंड राहतो.

मग टेप घेऊन बसले. टेपची सेंटिमीटरची बाजू आम्ही शिलाईवाले सहसा बघत नाही, त्या दिवशी ती कामी आली. अख्खा टँक 45 बाय 26, पंपाचा कप्पा फक्त 12 बाय 6. समोरचं पाणी पार्टिशनच्या वरच्या कंगव्यासारख्या दातांवरून मागे सांडतं, कप्प्यांतून पुढे सरकतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत समोर फेकतो, त्यामुळे समोरची पातळी दातांच्या खाली जातच नाही. पाणी उडतं अख्ख्या टँकमधून, पण घट दिसते एकट्या शेवटच्या कप्प्यात. अर्धा लिटर उडालं तर साध्या टँकमध्ये जेमतेम चार मिलिमीटर उतरेल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. इथे तेच अर्धा लिटर पंपाच्या कप्प्यात सात सेंटिमीटर उतरतं! आमच्याकडची मार्चनंतरची कोरडी हवा, डोक्यावर पंखा, त्यात रविवारची सुट्टी. दुसरं काय होणार?

एवढं कळल्यावर मला वाटलं आपण पंडित झालो. मागे पाणी कमी दिसलं की ओतायचं, संपलं. याच पंडितपणाने एप्रिलमध्ये घात केला.

लग्नसराईची गर्दी होती. कप्पा रिकामा दिसला म्हणून मी लिटरभराचा जग ओतला. दोन मिनिटांत परत रिकामा. दुसरा जग ओतला. पाचच मिनिटांत काम शिकायला येणारी मुलगी ओरडली, "ताई, टेबल!" टँकच्या समोरच्या काठावरून पाणी वाहत कटिंग टेबलावर आलं होतं. एका ताईंचा लाल सिल्कचा ब्लाउजपीस भिजला आणि त्याचा रंग खालच्या मोतिया अस्तरात उतरला. 380 रुपयांचा नवा पीस मी आणून दिला. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

झालं होतं असं की व्हॅलिस्नेरियाची एक लांब पात तुटून कंगव्याच्या दातांवर आडवी बसली होती, तिच्यावर शेवाळ आणि दोन गोगलगायी. समोरचं पाणी मागे जाईना. पंप मात्र इमानदारीने मागचं पाणी पुढे फेकत राहिला, आणि मी वरून ओतत राहिले. त्या दिवशी पाणी उडालेलंच नव्हतं, ते समोर अडकून बसलं होतं. समोरची पातळी आधी पाहिली असती तर दात पाण्याखाली बुडालेले दिसले असते.

तेव्हापासून मागच्या कप्प्यात पाणी कमी दिसलं की जग बाजूला ठेवते आणि आधी समोर बघते. समोरचं पाणी नेहमीपेक्षा वर चढलेलं असेल तर दात तुंबलेत, जुना टूथब्रश फिरवायचा. समोर सगळं ठीक आणि पहिले दोन कप्पे नेहमीइतके भरलेले, फक्त पंपाचा रिकामा, तर पाणी उडालंय, तेवढं बिनधास्त ओतावं. आणि पहिला कप्पा नेहमीपेक्षा वर, तुडुंब, आणि पंपाचा उतरलेला, तर मधला स्पंज गच्च झालाय.

ही शेवटची गत मी स्वतःच्या हाताने करून घेतली होती. सोबत आलेला स्पंज महिन्याभरात काळा पडला. उशीत भरायचा पॉलिएस्टरचा कापूस माझ्याकडे गोणीभर पडलेला, फिल्टरला साधारण तसलाच लागतो, म्हटलं विकत कशाला घ्यायचा? कल्पना चुकीची नव्हती, पण मी खांद्याचं पॅडिंग दाबावं तसा ठासून भरला. पाणी त्यातून जाईना. आता बोटभर जाडीचा सैल थर ठेवते, दर शनिवारी फेकून नवा घालते. स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळते. नळाखाली धुतला तर क्लोरीनने त्यातले उपयोगाचे जिवाणू मरतात.

माझ्या टँकमध्ये पहिल्यातून दुसऱ्यात पाणी तळातून जातं आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात वरून सांडतं. तुमच्यात वेगळं असू शकतं, तेव्हा माझी वाक्यं तशीच्या तशी लावू नका. पार्टिशनला फट कुठे आहे ते आधी बोटाने चाचपून बघा.

पंपाच्या कप्प्यावर बाहेरून नेलपॉलिशच्या दोन रेघा मारल्यात, लाल खालची, गुलाबी वरची. पातळी नेहमी पंप चालू असताना बघायची. लाईन गेली की समोरचं पाणी दातांपर्यंत उतरून मागे येतं आणि सगळं भरलेलं वाटतं. रोजच्या भरीला मी आरओचं पाणी घालते, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार आतच राहतात. नळाचंच घालत गेलं तर ते साचत जातात. अर्धवट पाणी बदलताना मात्र नळाचं, क्लोरीन काढणारे थेंब टाकून.

एक गोष्ट मला राग आणणारी आहे. सोबतच्या कागदावर हीटर पंपाच्या कप्प्यात ठेवा असं छापलंय. म्हणजे जिथलं पाणी सगळ्यात आधी उतरतं, तिथेच काचेचा हीटर! उघडा पडून तापला आणि वरून कोणी गार पाणी ओतलं तर तडकलाच. मी डिसेंबरात मधल्या कप्प्यात ठेवला होता, तिथे पातळी हलत नाही. त्याच कागदावर पाण्याची किमान पातळी किती असावी याबद्दल एक ओळ नाही. दोन रेघा कारखान्यातच छापायला काय जात होतं? पंपाचा कप्पा दोन बोटं रुंद केला असता तरी माझे निम्मे ताप वाचले असते.

दीड स्टार त्याचाच कापला. बाकी रोज सकाळी शटर उघडल्यावर अर्धा जग पाणी घालायची तयारी असेल तर घ्या. उन्हाळ्यात आठवडाभर गावाला जाणार असाल आणि मागे बघणारं कोणी नसेल तर घेऊ नका.

परवा पंपाच्या कप्प्यात टॉर्च मारला तर दोन बारकी पिल्लं फिरत होती. दातांच्या फटीतून मागे गेली आणि तिथेच वाढली. मोठ्या गप्पी पिल्लं खातात, त्यामुळे समोर एकही वाचलं नव्हतं. आता लाल रेघेवर माझं जास्तच लक्ष असतं.