मानेच्या विकाराचे अपील आणि टक्के वाढवून देणारा सल्लागार

पुण्यात माजी सैनिकांची अपंगत्व पेन्शनची अपिले ‘करून देणाऱ्या’ मंडळींचा एक धंदा बिनबोभाट चालतो आणि मान, पाठ व मणक्याचे रुग्ण हे त्यांचे हक्काचे गिऱ्हाईक असते. ज्या जवानाचा पाय सुरुंगात गेला, त्याला आपले अपंगत्व कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मणक्याचे दुखणे मात्र बाहेरून दिसत नाही, वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाते आणि ते नोकरीमुळे झाले की वयोमानाने, याचे उत्तर लष्करी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाने एका ओळीत देऊन टाकलेले असते. खरे अपील त्या ओळीविरुद्ध करायचे असते. माझी ज्याच्याशी गाठ पडली, त्याने पैसे घेतले ते भलत्याच गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट कोणती हे नीट कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी लष्करात जड वाहनांचा चालक होतो आणि नोकरीचा बराच काळ पहाडी रस्त्यांवर गेला. शेवटच्या काही वर्षांत डावा हात बधिर होऊ लागला, एमआरआयमध्ये सी-5 आणि सी-6 या मणक्यांमधली चकती सरकलेली दिसली आणि माझी मेडिकल कॅटेगरी (तब्येतीनुसार मिळणारा दर्जा) खाली आली. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, अपंगत्व 20 टक्के, आयुष्यभरासाठी, अशी नोंद केली. परंतु त्याखालीच हा विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे वाढलेलाही नाही, कारण तो झिजेचा आहे आणि त्याची सुरुवात पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर असताना झाली, असा शेरा मारला. त्या शेऱ्यावर सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसने पेन्शनचा अपंगत्वाचा भाग नाकारला आणि सहा महिन्यांच्या आत पहिल्या अपील समितीकडे दाद मागता येईल, असे पत्र पाठवले.

अपील करून देणारे हे सल्लागार मला खडकीला कॅन्टीनच्या बाहेर भेटले. स्वतः फौजेतून आल्याचे सांगत होते, बोलण्यात पलटणीची भाषा होती. धानोरी रस्त्यावर दोन खोल्यांचे ऑफिस, भिंतीवर फौजेची चिन्हे आणि टेबलावर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या निकालांच्या झेरॉक्सचे गठ्ठे. ते निकाल खरे होते, हे मी आजही सांगेन. अशा माणसाच्या बोलण्यातला निम्मा भाग खरा असतो म्हणूनच उरलेला निम्मा खपतो.

फाइल उघडून पहिलेच वाक्य त्यांनी टाकले, “सुभेदार साहेब, 20 टक्क्यांना कोण विचारतो? आपण 60 करून आणू, म्हणजे सरकार तुम्हाला 75 देईल.”

यातले गणित चुकीचे नव्हते. 31 जानेवारी 2001 च्या सरकारी पत्राने अपंगत्वाचे टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याची पद्धत सुरू झाली, तिला सगळे ब्रॉड बँडिंग म्हणतात: 50 पेक्षा कमी असेल तर 50, 50 ते 75 असेल तर 75 आणि 76 पासून पुढे 100. सुरुवातीला हा लाभ अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी घरी पाठवलेल्यांनाच मिळत असे. राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये तो नियत मुदतीने निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के इतका पेन्शनचा हा अपंगत्वाचा भाग मिळतो, म्हणजे 20 चे 50 झाले की 15 टक्के आणि 60 चे 75 झाले की साडेबावीस. त्यांनी हा हिशेब कॅल्क्युलेटरवर करून, थकबाकीचा आकडा कागदावर गोल करून माझ्यासमोर ठेवला.

परंतु माझा दावा टक्क्यांवर अडलेलाच नव्हता. बोर्डाने 20 टक्के मान्य केले होते आणि पात्रतेसाठी तेवढेच लागतात. अडले होते ते कारणावर. सेवेचा संबंध मान्य झाला असता तर 20 चे 50 आपोआप झाले असते, आणि तो मान्य होत नाही तोवर 60 काय आणि 90 काय, हाती काहीच येत नाही. टक्के वाढवणारा कागद विकता येतो, कारण तसा दाखला कोणीही छापून देऊ शकतो. आजाराचा सेवेशी संबंध दाखवायचा तर पोस्टिंगच्या नोंदी, ड्युटीचे स्वरूप, एमआय रूममधले (युनिटच्या दवाखान्यातले) पहिले उपचार हे सगळे बसून वाचावे आणि मांडावे लागते. त्या कष्टाला या धंद्यात कोणी हात लावत नाही.

मग दाखला आला. एका खाजगी दवाखान्याचा शिक्का, खाली वाचता न येणारी सही आणि ‘60 टक्के कायमचे अपंगत्व’ हे शब्द. मला कोणत्याही डॉक्टरने तपासलेले नव्हते. त्याचे पैसे वेगळे, अपिलाचे वेगळे आणि ‘दिल्लीतली फाइल हलवण्याचे’ वेगळे. सगळे रोखीने, पावती नाही. शिवाय मिळणाऱ्या थकबाकीतला 30 टक्के वाटा त्यांचा, असा स्टॅम्प पेपर, पुढच्या तारखांचे सही केलेले चेक, सेवेचा तपशील असलेले मूळ डिस्चार्ज बुक आणि ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीचा पासवर्ड, एवढे त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतले. मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा ते फोन करून मागत.

पुढचे महिने ‘फाइल वर गेली आहे’ या एका वाक्यावर गेले. बिंग फुटले ते त्यांनी दिलेल्या अपिलाच्या पोचपावतीमुळे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दुसऱ्याच कामासाठी गेलो असताना तिथल्या लिपिकाने ती पावती हातात घेतली आणि विचारले, “हा शिक्का प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाचा कसा?” जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांचे पहिले अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत दिल्लीतल्या अपील समितीकडे जाते, प्रयागराजचे कार्यालय पेन्शनचा आदेश काढते, अपिले ऐकत नाही. आवक क्रमांक बॉलपेनने लिहिलेला होता आणि खाली तारीख रविवारची होती. सोबतच्या अपिलाच्या प्रतीत पहिल्या पानावर माझे नाव होते आणि दुसऱ्या पानापासून अर्जदाराला उच्च रक्तदाब असल्याचे लिहिले होते. दुसऱ्या कोणाच्या तरी अर्जावर माझे नाव चिकटवले होते, आणि तोही कुठे पोचलेला नव्हता. रेकॉर्ड ऑफिसने लेखी कळवले की माझे कोणतेही अपील त्यांच्याकडे आलेले नाही. तोपर्यंत सहा महिन्यांची मुदत उलटून गेली होती.

आता जे कळले ते ज्यांच्या हातात नकाराचे पत्र नुकतेच पडले आहे त्यांच्यासाठी लिहितो. पहिले आणि दुसरे अपील साध्या कागदावर, आपल्या भाषेत मुद्दे मांडून करता येते आणि त्याला शुल्क नाही. मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही आपल्याजवळ नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे मागावी. माहिती अधिकाराखालील अर्जाला 10 रुपये लागतात. ती हाती आल्यावर सेवेशी संबंध नाकारणारे कारण शोधावे आणि अपिलात त्याच कारणाला उत्तर द्यावे. भरतीच्या वेळच्या तपासणीत मणक्याच्या आजाराची नोंद नसेल तर धरमवीर सिंग प्रकरणातला 2013 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल इथे उपयोगी पडतो: अशा वेळी पुढे आलेला आजार सेवेमुळे आला असे गृहीत धरायचे, आणि तो तसा नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम लागू आहेत, हे लक्षात ठेवून कागद तयार करावेत.

सरकारी रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला खरा असला तरी तो दिव्यांग कायद्याखालील सवलतींसाठी असतो; सेवेतल्या मेडिकल बोर्डाची जागा तो घेत नाही. अपिले फेटाळली गेल्यास पुणेकरांना सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावे लागते आणि तिथे एक तर आपण स्वतः उभे राहायचे किंवा वकिलाने. एजंटाला तिथे उभे राहताच येत नाही. निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायला वकिलालाही बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केली आहे. आणि पुढे मिळणाऱ्या पेन्शनवर आधीच लिहून दिलेला करार 1871 च्या पेन्शन कायद्याच्या कलम 12 नुसार निरर्थक ठरतो, म्हणून त्या स्टॅम्प पेपरच्या धाकाने कोणी गप्प बसू नये. त्या ऑफिसच्या जिन्यात मला भेटलेले दोन-तीन जण केवळ याच धाकाने गप्प आहेत.

ज्यांनी कागद आधीच देऊन टाकले आहेत त्यांनी प्रथम ‘स्पर्श’चा पासवर्ड बदलावा आणि तिथला मोबाइल क्रमांक व बँक खाते आपलेच आहे ना, हे तपासावे, बँकेला लेखी कळवून चेक थांबवावेत, पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. रोखीने दिलेल्यांना पोलीस ठाण्याशिवाय मार्ग नाही, पण बनावट शिक्क्याची पावती जवळ असेल तर तक्रारीला बळ येते, म्हणून रागाच्या भरात ती फाडू नये.

माझे अपील उशिराच्या कारणासह, खोटी पावती जोडून, मी स्वतः नव्याने पाठवले आहे. दावा पुढे मान्य झाला तरी तरसेम सिंग प्रकरणातल्या 2008 च्या निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे न्यायाधिकरणात अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, त्यामुळे वाया गेलेल्या महिन्यांची किंमत रुपयांत मोजावी लागणार आहे. डिस्चार्ज बुक अजून त्या माणसाकडेच आहे. दुय्यम प्रतीच्या अर्जाला पोलीस तक्रारीची प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागले, ती दोन्ही जोडून तो अर्जही पाठवला आहे.