गॅसचे थेंब: तान्ह्या बाळाच्या पोटदुखीवर कितपत भरवशाचे?

‘बाळ पाय पोटाशी घेऊन रडतंय’ एवढं सांगितलं की औषधाच्या दुकानात बहुतेक वेळा हातात पडते ती सिमेथिकोनच्या थेंबांची १५ किंवा ३० मिलीची बाटली. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या बाटल्यांत दर मिलीला ४० मिलीग्रॅम सिमेथिकोन असतं आणि जोडीला शेपूच्या व बडीशेपेच्या तेलाचा अंश. शेपूचं बी म्हणजेच बाळंतशोपा, म्हणून वास घरातलाच वाटतो.

सिमेथिकोन आतड्यातल्या बारीक बुडबुड्यांचा पृष्ठताण कमी करतं. बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ढेकर किंवा वाऱ्यावाटे निघून जातात. ते रक्तात शोषलं जात नाही, शौचावाटे बाहेर पडतं. सुरक्षिततेला म्हणूनच पूर्ण गुण. परिणामाला मात्र फारच कमी: तान्ह्या बाळांच्या कोलिकवर, म्हणजे एरवी निरोगी बाळाच्या तासन्‌तास न थांबणाऱ्या रडण्यावर, झालेल्या चाचण्यांत हे थेंब औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत. कारण सरळ आहे. बाळ रडताना हवा गिळतं; पुष्कळदा रडण्यामुळे गॅस होतो, गॅसमुळे रडणं नव्हे. हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपसूक ओसरतं. त्याच सुमारास जी बाटली घरात असेल तिला श्रेय मिळतं.

तरी द्यायचेच असतील तर नीट द्या. औषध तळाशी बसतं, न हलवता दिलं तर वर पाणीच येतं. मात्रा थेंबांत नव्हे, मिलीग्रॅममध्ये विचारा, कारण प्रत्येक बाटलीची तीव्रता सारखी नसते. ४० मिलीग्रॅमच्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे २० मिलीग्रॅम. ड्रॉपर त्याच बाटलीचा हवा. थेंब घशात नको, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, नाहीतर ठसका लागतो.

खरी सावधगिरी खरेदी करताना हवी. तशाच दिसणाऱ्या काही बाटल्यांत सिमेथिकोनबरोबर डायसायक्लोमिन हे पोटातला पेटका सैल करणारं औषध असतं. सहा महिन्यांखालील बाळांना ते देऊच नये: श्वास अडखळणं, झटके येणं असे गंभीर परिणाम नोंदले गेले आहेत. बाटलीचं नाव बाजूला ठेवून बारीक अक्षरातले घटक वाचा. शेजारच्या घरातली अर्धी उरलेली बाटली तर मुळीच नको.

ग्राइप वॉटरचं काय? १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी बनवलेल्या मूळ मिश्रणात शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि अल्कोहोल होतं. आजच्या बाटल्यांत अल्कोहोल नसतं, पण कोलिकवर उपयोगाचा भक्कम पुरावाही नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हा नियम मोडावा इतकं त्यात काही नाही. गुटी मधात उगाळून देणं तर धोक्याचं: वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. हिंग बेंबीभोवती बाहेरूनच, तोही नाळ पडून जखम पूर्ण भरल्यावर. पोटात कधीच नाही.

थेंबांपेक्षा जास्त फरक पडतो तो पाजण्याच्या पद्धतीने. स्तनाग्राबरोबर भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा. बाजू बदलताना एकदा आणि शेवटी एकदा ढेकर काढा. नंतर १०-१५ मिनिटं खांद्यावर उभं धरा. वरचं दूध बाटलीने पाजत असाल तर निपल दुधाने पूर्ण भरेल इतकी बाटली तिरकी ठेवा. संध्याकाळच्या रडण्यात बाळाला पालथं करून हातावर पोट टेकवून फिरवलं की बरीच बाळं शांत होतात.

दीड-दोन वर्षांपुढच्या मुलाला हे थेंब घेऊच नका. बेंबीभोवती वरचेवर दुखण्यामागे तिथे बहुधा बद्धकोष्ठता असते. आधी शी किती कडक आहे आणि किती दिवसांनी होते ते पाहा.

आणि पुढचं काही दिसलं तर बाटली बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा: हिरवी उलटी, पोट टणक फुगलेलं, शौचात रक्त, तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध सोडलेलं, लघवी कमी झालेली. दर काही मिनिटांनी किंचाळून रडणं, मध्ये मलूल पडणं आणि लाल जेलीसारखी शी, हे आतड्यात आतडं शिरल्याचं लक्षण असू शकतं. तिथे एकेक तास मोलाचा असतो.