सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ: ४१,२९० रुपयांची सहल

नाताळच्या सुटीत छत्रपती संभाजीनगरला जावे, शहरात मुक्काम करावा, रोज एका दिशेला बाहेर पडून संध्याकाळी परत यावे, एवढाच आमचा बेत होता. त्या बेतापायी आमचे ४१,२९० रुपये गेले आणि सहल झालीच नाही. रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत लिहिते आहे, कारण "गेले थोडेफार" असे म्हणून लोक गप्प बसतात आणि त्यावरच हा बनावट बुकिंगचा धंदा पोसला जातो. मी एका सहकारी संस्थेच्या लेखा विभागात काम करते. दुसऱ्यांच्या व्हाउचरमधल्या चुका शोधणे हा माझा पेशा आहे. त्यामुळे "तुम्ही कशा काय फसलात?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि बँकेतल्या एका पंचविशीतल्या अधिकाऱ्यानेही विचारला. कशी फसले ते सांगते.

शोधयंत्रावर सगळ्यात वर येणारी जाहिरात, खऱ्या हॉटेलच्या चोरलेल्या फोटोंचे संकेतस्थळ, व्हॉट्सअ‍ॅपवर गोड बोलणारा 'मॅनेजर', आधी टोकन आणि मग ॲडव्हान्स, हा प्रकार आता कोणालाच नवा नाही. मलाही नव्हता. गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू आणि पर्यटक यांच्या बुकिंगमधील फसवणुकीबद्दल एप्रिल २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता, त्याची बातमी मी वाचली होती. परंतु ते इशारे केदारनाथच्या हेलिकॉप्टरसारख्या गोष्टींचे असतात, चार दिवसांच्या गाडीचे आणि दोन खोल्यांचे नसतात, असे मला वाटले होते. आणि सुटीच्या आठवड्यात ज्याला फोन करावा तो "खोली नाही" म्हणत असताना जो "आहे" म्हणतो त्याच्यावर कोणाचाही विश्वास बसतो.

सासूबाईंना घृष्णेश्वराचे दर्शन आणि पैठणला नाथांची समाधी, मुलांना लेणी, आणि आम्हा दोघांना थंडीतला हुरडा, असे सगळ्यांचे मिळून ठरले होते. मला सापडलेल्या असल्याच एका 'मॅनेजर'ने हे सगळे ऐकून घेतले आणि तासाभरात २८ ते ३१ डिसेंबर २०२५ चा कार्यक्रम पाठवला. दोन खोल्या, तीन रात्री, दर २,६०० रुपये, म्हणजे १५,६००; गाडी चार दिवस, रोजचे ३,००० प्रमाणे १२,०००; पाच जणांचे प्रवेशशुल्क प्रत्येकी २५० प्रमाणे १,२५०; आणि शेतावरचा हुरडा प्रत्येकी ५९० प्रमाणे २,९५०. एकूण ३१,८००. बेरीज बरोबर होती. मी ती दोनदा तपासली, आणि बेरीज बरोबर असलेल्या कागदावर लेखा विभागातल्या माणसाचा विश्वास जरा जास्तच बसतो.

आता त्या कागदाकडे पाहते तेव्हा त्याच्या प्रत्येक ओळीत लबाडी दिसते. प्रवेशशुल्काचेच पाहा. अजिंठा आणि वेरूळ येथे भारतीय प्रौढाला तिकिटाचे ४० रुपये पडतात आणि पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खाते तिकीटच लावत नाही. माझी दोन्ही मुले त्या वयाच्या आतली आहेत. पैठण आणि लोणार त्याने एकाच दिवसात बसवले होते. पैठण शहराच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर आहे, लोणार पूर्वेला बुलढाणा जिल्ह्यात दीडशे किलोमीटरच्या आसपास. सत्तरी ओलांडलेल्या बाईला गाडीत बसवून हे दोन्ही एका दिवसात करायचे तर विवराच्या काठावर पोहोचेपर्यंत सूर्य मावळायचा. "गाडी थेट अजिंठ्याच्या लेण्यांपाशी जाईल" असेही लिहिले होते. खाजगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबतात आणि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनेच जावे लागते, हे तिथे एकदा गेलेल्या कोणालाही माहीत असते. हुरड्याच्या फोटोत बाजांच्या मागे सुपारीची झाडे होती. मराठवाड्यातल्या ज्वारीच्या शेतात सुपारी!

परंतु या सगळ्याहून मला जे आजही झोपू देत नाही ते वेगळेच आहे. कार्यक्रमात सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असे लिहिलेले होते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळची मंगळवारी. दोन्ही ठिकाणे त्याने नेमक्या सुटीच्या दिवशी ठेवली होती. नुसती अदलाबदल केली असती, सोमवारी दौलताबाद, वेरूळ आणि घृष्णेश्वर, मंगळवारी अजिंठा, तर निदान वार तरी बरोबर ठरले असते. त्या शहरात आठवडाभर जरी कोणी टॅक्सी चालवली असेल तरी त्याच्या हातून ही चूक होणार नाही. ज्याने त्या शहरात पाऊलही ठेवलेले नाही त्याच्याच हातून होईल. आणि हे माझ्या घरात कोणाला कळले नाही असेही नाही. माझी मुलगी नववीत आहे. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "आई, अजिंठा सोमवारी बंद असतं. आमच्या बाईंनी सांगितलंय."

मी त्याला लगेच फोन लावला. हे मी आवर्जून सांगते, कारण "विचारायला नको होते का?" असे मला विचारणाऱ्यांना वाटते की मी डोळे मिटून पैसे भरले. मी विचारले. तो क्षणभरही अडखळला नाही. "अहो ताई, ते एरवीचं झालं. नाताळच्या आठवड्यात गर्दी असते म्हणून सातही दिवस सुरू ठेवतात. मंगळवारी तर आधी घृष्णेश्वराचं दर्शन, मग लेणी, आजींना चालायला त्रास नको म्हणून मी तसं लावलंय." आजींना! सासूबाईंच्या गुडघ्यांची गोष्ट मीच त्याला आदल्या दिवशी सांगितली होती आणि त्याने ती लक्षात ठेवली होती. पुरातत्त्व खाते जागतिक वारसा दिनाला प्रवेश विनामूल्य ठेवते, म्हणजे खास दिवसांत नियम सैल होत असतील, असा विचार माझ्या मनात आला आणि तो त्या क्षणी अगदी तर्कशुद्ध वाटला. मुलीला मी "त्यांना जास्त माहीत असणार" असे म्हणाले. ती काही बोलली नाही. पुरातत्त्व खात्याच्या पानावर जाऊन हे पाहायला दोन मिनिटे लागली असती. पण दिवसभर कार्यालयात मान मोडून काम केलेल्या, घरी स्वयंपाक टाकून फोन घेऊन बसलेल्या बाईला ती दोन मिनिटे सुचली नाहीत, याचा जाब मागणाऱ्यांनी एकदा माझ्या जागी बसून पाहावे.

पुढचे लवकर सांगते. टोकन २,००० आणि त्यानंतर १३,९००, म्हणजे एकूण रकमेच्या निम्मे, १५,९०० रुपये, मी यूपीआयने भरले. पैसे भरताना पडद्यावर हॉटेलचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे होते. ते त्यांच्या अकाउंटंटचे आहे असे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी, महिनाअखेरीच्या गडबडीत, मी टेबलावर असतानाच त्याचा फोन आला की जीएसटीचे बिल निघण्यासाठी ९,८४७ रुपयांची 'पडताळणी' करावी लागेल, ही रक्कम म्हणजे कोड आहे, जशीच्या तशी टाकायची आणि दहा मिनिटांत परत येते. बिलाचा नमुनाही पाठवला. ते गेले. मग "ताई, तुमच्याकडून वेळ उलटून गेली, सिस्टीमने धरलं नाही, परत टाका, दोन्ही एकदम येतील." पुन्हा ९,८४७. शेवटी 'रिफंड'चा म्हणून क्यूआर कोड आला, तो स्कॅन करून मी पिन टाकला आणि आणखी ५,६९६ गेले. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. हे वाक्य मी स्वतः सासूबाईंना शिकवलेले आहे.

त्या नमुना बिलावरचा जीएसटी क्रमांक १९ ने सुरू होत होता. महाराष्ट्रातल्या नोंदणीचे पहिले दोन अंक २७ असतात, १९ हे पश्चिम बंगालचे आहेत. मी दिवसभर २७ ने सुरू होणारे क्रमांक पाहते. बिलाचा फोटो धूसर होता आणि माझ्यासमोर दुसऱ्या फायली उघड्या होत्या, एवढेच म्हणेन. तुम्हाला कोणी असे बिल पाठवले तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक टाकून नोंदणी कोणाच्या नावाची आहे ते फुकट पाहता येते. आणि हॉटेलला फोन करायचा तर जाहिरातीतल्या नंबरवर करू नका, नकाशावर दिसणाऱ्या नंबरवरही डोळे झाकून करू नका, तो कोणीही बदलण्याची सूचना करू शकतो. तिथे जाऊन आलेल्या माणसाकडून किंवा जुन्या पावतीवरून नंबर घ्या. मी खऱ्या हॉटेलचा नंबर मिळवला तो सगळे संपल्यावर. तिथला माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखे बरेच जण येऊन गेले." मग तुम्ही दारावर आणि तुमच्या पानावर ठळक अक्षरांत सूचना का लावत नाही, यावर उत्तर मिळाले नाही.

रात्रीपर्यंत पैसे येतील या आशेवर मी थांबले आणि सकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन केला. तुम्ही रात्र घालवू नका, पैसे गेल्याचा संशय येताच फोन करा; पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात आणि मध्येच कुठेतरी अडवता आले तरच काही हाती लागते. नोंद झाली, पोचक्रमांक आला. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार टाकली, त्यात प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, वेळ, पडद्याची छायाचित्रे, सगळे जोडले. एवढे झाल्यावर आमच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "ऑनलाइन टाकलंय ना? मग इथं कशाला आलात?" गुन्हा दाखल करायचा आहे म्हटल्यावर, समोरचे खाते परराज्यातले आहे, हॉटेल संभाजीनगरचे, तुम्ही इथल्या, हद्द कोणाची, असा प्रश्न मलाच विचारला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे मी छापून नेले होते. त्यांनी तो कागद वाचला, हसले आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, साहेब बंदोबस्ताला गेलेत, असे सांगितले. तेही खरेच आहे, कायद्यात तसे आहे. कायद्यातली नेमकी तेवढीच ओळ मात्र त्यांना पाठ होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर ठाण्यात गेले तर रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यानेच घ्यायला हवी, असे उत्तर. परत स्थानिक ठाणे. साहेब भेटले, चहा विचारला, आणि ज्या स्वरात डॉक्टर म्हाताऱ्या रुग्णाला "आता या वयात काय करायचे" म्हणतात त्या स्वरात म्हणाले, "ताई, शिकलेल्या माणसांनी असं केलं तर आम्ही काय करायचं?" त्या एका वाक्याने माझी तक्रार बाजूला पडली आणि मीच आरोपी ठरले. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, तोतयेगिरीला ३१९ आहे, संगणकाद्वारे केलेल्या तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड आहे. फिर्यादीच्या शिक्षणाची अट यातल्या कुठल्याही कलमात नाही. मी हे तोंडावर बोलले. त्यानंतर अर्जावर पोच म्हणून शिक्का मिळाला. तुम्हीही शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, आणि पोलिसांनी अर्ज घेतलाच नाही तर तो पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा, त्याची सोय कलम १७३ मध्येच आहे.

बँकेचे तर विचारूच नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे होते की बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच्या कारस्थानामुळे झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर बोजा येत नाही. अधिकाऱ्याने संगणकावरून नजरही न उचलता सांगितले की पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार अधिकृत. ठीक. मग माझ्या खात्यातून, जिथून वर्षानुवर्षे वीजबिल, फी आणि किराणा यांखेरीज फारसे काही गेलेले नाही, काही मिनिटांत त्याच अनोळखी खात्यात ९,८४७ आणि पुन्हा ९,८४७ जातात, तेव्हा तुमची यंत्रणा काय करत असते? सासूबाईंचे निवृत्तिवेतन हयातीचा दाखला आला नाही म्हणून हीच बँक तत्परतेने थांबवते, आणि त्या समोर खुर्चीवर बसलेल्या असतात. लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी बँकेच्या पोचपावतीवरची तारीख लागते, तोंडी बोलून तो कालावधी सुरू होत नाही.

ज्यांना अजूनही संभाजीनगरला जायचे आहे त्यांना एवढेच सांगते की चार दिवसांचा एकगठ्ठा सौदा करण्याची तिथे मुळीच गरज नाही. खोली पोहोचल्यावर पैसे देण्याच्या अटीवर घ्या, गाडी रोजची रोज ठरवा. वेरूळ जेमतेम तीस किलोमीटरवर आहे आणि दौलताबाद वाटेतच लागते, तर अजिंठ्यासाठी मध्यवर्ती बसस्थानकातून जळगावकडे जाणारी एसटी फर्दापूरच्या तिठ्यावर उतरवते. ज्याला पूर्ण रकमेची घाई आहे त्याला उलट प्रश्न विचारा: सोमवारी काय बंद असते?

परवा पोलीस ठाण्यातून फोन आला. पैसे ज्या खात्यांतून फिरले त्यांपैकी एका खात्यात माझ्या तक्रारीपोटी १,३१६ रुपये गोठवलेले आहेत आणि ते मला मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करून आदेश आणावा लागेल, असे त्यांनी सांगितले. ओळखीच्या वकिलांना विचारले. अर्जाची फी त्यांनी ३,००० रुपये सांगितली, कमी करून.