हिवाळ्यात गाडी धुवायची कशी: बादली, जेट, ऑटोमॅटिक की रिन्सलेस?

मागच्या फेब्रुवारीत बाबा नाशिकहून आमच्याकडे कॅनडात, ऑंटारिओतल्या किचनरला आले होते. पहाटे उठून गाडी पुसायची त्यांची जुनी सवय. बाहेर उणे १२. मी चहाचं आधण ठेवतोय तोवर ते फडकं ओलं करून ड्राइव्हवेवर पोचलेसुद्धा. बॉनेटवर एक हात फिरवला, दम घ्यायला थांबले, आणि परत फडकं उचलायला गेले तर ते उचलेचना. पत्र्याला चिकटून बसलं होतं. "अरे, याचा तर पापड झाला!" म्हणत हात चोळत आत आले. फडकं नंतर निघालं. पण तो एक हात जिथे फिरला, तिथले बारीक गोल ओरखडे तिरप्या उन्हात आजही दिसतात.

ऑंटारिओत नवीन आलेली आपली मंडळी दर डिसेंबरात एकच प्रश्न विचारतात: गाडी पांढरीफटक झालीये, हाताने धुवू की ऑटोमॅटिकमध्ये घालू? उत्तर देण्याआधी तो पांढरा थर काय आहे ते सांगायला हवं, कारण सगळा निर्णय त्यावर ठरतो.

ती धूळ नव्हे, मीठ आहे. रस्त्यावर टाकतात ते साधं खनिज मीठ, सोडियम क्लोराइड. मिठाचं पाणी २३ टक्क्यांच्या आसपास तीव्र असेल तर उणे २१ पर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे १० च्या खाली साध्या मिठाचा जोर ओसरतो, मग कॅल्शियम क्लोराइडसारखी दुसरी क्षारं येतात. कडाका फारच पडला तर टोरोंटोसारखी शहरं त्यात बीटाचा रसही मिसळतात. (हे ऐकून बायको म्हणाली, रस्त्याची कोशिंबीर करतात म्हणा की.) आता हे खारट पाणी चाकांनी उडतं आणि गाडीच्या पोटाला, ब्रेकच्या नळ्यांना, दाराच्या खालच्या कडेला जाऊन बसतं. दारं-बॉनेट डोळ्यांना दिसतात, गंज मात्र खालून लागतो. एक उलटी वाटणारी गोष्ट: कडाक्याच्या थंडीत गंज सावकाश चढतो, ऊबदार गॅरेजमध्ये ओलं मीठ झपाट्याने काम करतं. म्हणून मिठाने माखलेली गाडी उबेत लावून "आता सुरक्षित" म्हणण्यात अर्थ नाही.

आता पर्याय.

दोन बादल्यांची पद्धत, म्हणजे एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, तळाला जाळी आणि हातात मिट (गाडी चोळायचा मऊ हातमोजा), ही उन्हाळ्यात मलाही सगळ्यात आवडते. हिवाळ्यात ती घरी जमत नाही, आणि त्याचं कारण बोटं बधिर होणं हे नाही. नायट्राइलच्या हातमोज्यांखाली लोकरीचे पातळ मोजे घातले की बोटांचं भागतं. खरी अडचण नळाची आहे. इथल्या घरात नोव्हेंबर आला की बाहेरच्या नळाचा व्हॉल्व्ह आतून बंद करून पाइप रिकामा करतात, नाहीतर आतलं पाणी गोठून पाइप फुटतो. म्हणजे होज (पाण्याची लांब नळी) नाही. होज नाही म्हणजे आधी मीठ-माती उडवून लावता येत नाही, आणि शेवटी साबण खळबळून काढताही येत नाही. तळघरातल्या लाँड्रीच्या टबातून बादल्या वाहून आणल्या, तरी ओतलेलं पाणी ड्राइव्हवेवर काच होऊन बसतं. सकाळी त्यावरून घसरणार पोस्टमन, आणि बोलणी बसणार आपल्याला. तापमान ५ अंशांच्या वर गेलं, नळ चालू केला, तरच हा पर्याय धरा. आणि काचेवर उकळतं पाणी कधीच नको. एकदम तापून काच तडकते. कोमट पुरे.

नाणी टाकून जेट मारायच्या जागा, इथल्या भाषेत कॉइन वॉश, हिवाळ्यात खऱ्या उपयोगाच्या. छत असतं, तीन बाजूंनी भिंत, पुष्कळ ठिकाणी दार आणि थोडी ऊबही. जेट हातभर अंतरावर धरून चाकांच्या कमानी आतून, दारांची खालची कड, मागचा बंपर आणि वाकून जमेल तेवढं पोट असं खालून वर मारत जायचं. घड्याळ चालू असतं, त्यामुळे मन लावून धुणाऱ्याची इथे धांदल होते. तिथे टांगलेल्या फेसाच्या ब्रशला मात्र हात लावू नका. तुमच्या आधी कोणीतरी त्याच ब्रशने चिखलाने लडबडलेला पिकअप ट्रक घासलेला असतो, आणि त्यातली वाळू अजून ब्रशातच असते. स्वतःची बादली नेण्याचा विचार असेल तर भिंतीवरची पाटी आधी वाचा, बऱ्याच जागी बादलीला मनाई असते.

टचलेस ऑटोमॅटिक, म्हणजे ब्रश न लावता नुसत्या फवाऱ्यांनी धुणारं यंत्र, त्याबद्दल थोडक्यात: सोयीचं आहे, पोटाखालचे फवारे चांगले असतात, ओरखडे नाहीत. हाताने चोळत नसल्यामुळे मळ काढायचं काम रसायनांवर सोपवलेलं असतं, आणि ती कडक असतात. रंगावर लावलेलं तुमचं मेण त्यात महिन्या-दीड महिन्यात जातं. शिवाय पातळ करडा थर राहतोच, बोट फिरवलंत की कळतं. मोठ्या ब्रशांच्या ऑटोमॅटिकमध्ये मी जात नाही. गाडी भाड्याची असेल तर खुशाल जा.

उरलं रिन्सलेस. हाताने धुवायची हौस असलेल्याला इथल्या हिवाळ्यात हेच तारतं, म्हणून जरा बैजवार सांगतो. हा असा द्राव आहे की तो पाण्यात घातला की फेस होत नाही, आणि नंतर खळबळावंही लागत नाही. त्यातली पॉलिमर मातीच्या कणाभोवती गुंडाळली जातात, कण पत्र्यावरून सुटून कापडात ओढला जातो. ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. त्याचं प्रमाण साधारण ७.५ लिटर पाण्याला ३० मिली, म्हणजे ९४६ मिलीच्या बाटलीत तीसेक धुण्या निघतात.

मी करतो ते असं. गॅरेजमध्ये गाडी घेतो, कोमट पाण्याची एकच बादली. झाडांना फवारतात तसल्या हातपंपाच्या स्प्रेयरमध्ये तेच मिश्रण भरून एक बाजू भिजवतो आणि तीन-चार मिनिटं तशीच सोडतो. दारावरून करडे ओघळ खाली यायला लागले की काम सुरू. आठ-दहा मायक्रोफायबर कापडं बादलीत बुडवून ठेवलेली असतात. एक काढायचं, चौघडी घालायची, छतापासून खाली सरळ रेषेत, न दाबता फिरवायचं. बाजू मळली की घडी पलटायची, सगळ्या बाजू मळल्या की कापड बाजूला टाकायचं. मळलेलं कापड पुन्हा बादलीत जात नाही, हीच यातली मेख. बादली शेवटपर्यंत नितळ राहते. बाबांचं फडकं एकच होतं आणि कोरड्या मिठावरून फिरलं होतं. एवढाच फरक, पण पत्र्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा. एक बाजू झाली की लगेच कोरड्या टॉवेलने टिपून मगच पुढच्या बाजूला हात लावायचा. थंडीत थेंब वाळत नाहीत, तसेच बसून राहतात आणि डाग पाडतात.

याची मर्यादाही सांगतो, कारण विकणारे सांगत नाहीत. चाकाच्या कमानीत बर्फाचे काळे गोळे लटकलेत, दारांवर खारा चिखल खवल्यांसारखा बसलाय, अशा गाडीवर थेट रिन्सलेस केलंत तर तुम्ही पॉलिशपेपरच फिरवताय. आणि पोट तसंच राहतं. म्हणून माझा हिवाळा जोडीने चालतो: कॉइन वॉशला फक्त जेट, साबणही नाही, पाच-सात मिनिटांत मीठ खाली. मग घरी येऊन वरचं अंग रिन्सलेसने. दर दोन-तीन आठवड्यांनी जेट, महिन्यातून एकदा हातधुणी.

गॅरेज नसेल तर? मग हाताने धुण्याचा हट्ट मार्चपर्यंत सोडा. टचलेस घ्या, पोटाचा फवारा असलेला प्रकार निवडा. वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या आसपास, गाडीच्या पोटाला गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्या. पैसे मोजकेच असतील तर मेणाऐवजी तिथे घाला. काँडोत (फ्लॅटच्या इमारतीत) राहून तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांनी रिन्सलेस करायला हरकत नाही, फक्त आधी व्यवस्थापनाला विचारा. पुष्कळ इमारतींत गाडी धुवायला बंदी असते. अर्धी बादली आणि जमिनीवर न सांडणारं पाणी पाहिलं की काहीजण डोळेझाक करतात, काहीजण नाही.

दिवस कुठला निवडायचा? शून्याच्या वर गेलेला पहिला उन्हाचा शनिवार सगळ्यांनाच मोहात पाडतो, आणि कॉइन वॉशची रांग रस्त्यावर येते. मी आठवड्यातल्या संध्याकाळी जातो, उणे ५ पर्यंत. त्याखाली गाडी मळकी राहू देतो.

आणि धुऊन झाल्यावरची दहा मिनिटं वाचवू नका. चारही दारं आणि डिकी उघडून रबराच्या पट्ट्या कोरड्या पुसायच्या, त्यावर सिलिकॉनचा हात द्यायचा, नाहीतर सकाळी दार उघडताना रबर पत्र्यासोबत फाटून येतं. आरसे दोन-तीनदा मिटून उघडायचे. गाडी जरा फिरवून आणायची, वाटेत ब्रेक चार वेळा दाबायचे म्हणजे डिस्क वाळते. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. पेट्रोलच्या झाकणाची फट मी एकदा पुसायला विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी पंपावर कार्डाने त्या फटीतला बर्फ खरवडत बसलो होतो, मागे सहा गाड्या उभ्या.