बाथरूमचं काम, टेपचं दुसरं टोक आणि मलब्याचे चोवीसशे

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. वरचं बाथरूम गळायला लागलं, खालच्या खोलीच्या छताचे पोपडे थेट जेवणाच्या टेबलावर पडायला लागले, तेव्हा कुठे घरात काम काढायचं एकमत झालं. तीन ठेकेदार बोलावले. लिहितेय तिसऱ्यांबद्दल, पण आधीचे दोघं सांगितल्याशिवाय त्यांची किंमत कळायची नाही.

पहिले ऑफिसवाले. बाथरूमच्या दारातूनच आत डोकावले आणि म्हणाले, "एक लाख पचासी, विथ मटेरियल. जीएसटी अलग." मी जीएसटी नंबर विचारला. "वो बाद में भेज देंगे." मी बँकेत पंचवीस वर्षं काढली आहेत, हा 'बाद में' मला ओळखीचा आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या छोट्या ठेकेदाराला नोंदणी लागत नाही, मान्य. पण नोंदणी नसेल तर टॅक्सही मागता येत नाही. कच्च्या बिलावर 18 टक्के म्हणजे 33,300 रुपये झाले की हो!

दुसरे स्वस्त. टाइल्स बसवायची मजुरी 45 रुपये फूट, एकूण 251 फूट. मी जवळजवळ हो म्हणणार होते. बाबांनी (सासरे, पीडब्ल्यूडीतून ओव्हरसियर म्हणून रिटायर, वय 84) कागद हातात घेतला आणि विचारलं, "हे 251 आणलं कुठून?" बाथरूम 7 बाय 5. जमीन 35 फूट. चार भिंतींची लांबी 24, आणि उंची धरलेली 9, म्हणजे पार छतापर्यंत. टाइल्स लागणार होत्या 7 फुटांपर्यंत. दार आणि खिडकीसुद्धा टाइल्सनं भरून टाकली होती बिचाऱ्यानं.

तिसरे आले तेच टेप घेऊन. "भाभीजी, दूसरा सिरा आप पकड़ो." भाव सांगितला 55. माझा चेहरा पडला. मग माप झालं: भिंती 168, त्यातून अडीच बाय सातचं दार आणि दोन बाय दीडची खिडकी वजा, जमीन मिळवली, 182.5 फूट. मजुरी 10,037. स्वस्तवाल्याचे होत होते 11,295. बाबा त्या दिवशी रात्री दोन घास जास्त जेवले.

खालच्या दोन खोल्यांच्या पुट्टी-पेंटच्या वेळी मात्र जुंपली. दार-खिडक्या वजाच होत नाहीत, असं ठेकेदारांचं म्हणणं. बाबांनी सरकारी मोजमापाचा नियम काढला: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही, अर्धा ते तीनमधलं एकाच बाजूनं करायचं, कारण आतल्या कडांनाही माल लागतो. ठेकेदार दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "बाऊजी, यही लिख लो." त्या दिवसापासून ते हिशेब बाबांनाच दाखवायचे, मला नाही.

सामान मीच आणलं. दुकानाचं नाव त्यांनी सुचवलं नाही, आणि हे मला फार आवडलं, कारण ठेकेदाराचं दुकानात कमिशन असतं हे आता लपून राहिलेलं नाही. उलट एक गोष्ट सांगितली जी मला माहीतच नव्हती. दोन बाय दोनची म्हणतात ती टाइल असते 600 मिलिमीटरची. चार नगांच्या डब्यात साडेपंधरा फूट भरतात, दुकानदार लावतो सोळा. म्हणून भाव डब्याचा विचारायचा. खालच्या हॉलला 20 डबे लागले. फुटाच्या भावानं घेतले असते तर दहा फुटांचे पैसे हवेत गेले असते.

आता तक्रारी. पंधरा दिवसांचं काम सव्वा महिना चाललं. टाइल्सचे मिस्त्री झाबुआकडचे, होळीच्या आधी भगोरियाला (तिकडच्या आदिवासींच्या जत्रेला) गेले. ते परतले तर पेंटर रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) राजवाड्यावर. मध्ये अठरा दिवस आम्ही पाचजण एका बाथरूमवर. भगोरिया काही अचानक येत नाही, आधी सांगायला काय झालं होतं?

दुसरं, मलबा. फोडलेल्या टाइल्स आणि प्लास्टर उचलायचे 2,400 रुपये शेवटी सांगितले. कोटेशनमध्ये ओळ नव्हती. रस्त्यावर टाकला तर नगर निगम चालान करतं, म्हणून गाडी लावावी लागली, हे पटलं. पण ते पहिल्या दिवशीही माहीत होतंच ना? घासाघीस करून 2,000 दिले.

शेवटचे 10,000 मी राखून ठेवले होते, पाणी भरून बघेपर्यंत. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्सच्या आधी, ट्रॅपला (पाणी जायच्या भोकाला) गोळा लावून बाथरूमच्या जमिनीवर पाणी भरायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड, त्यामुळे त्यासाठीही वाट बघितली. टाइल्स लागल्यावर पुन्हा एकदा भरलं. बाबा खाली खुर्ची टाकून छताकडे बघत बसले होते. डाग आला नाही, पैसे दिले.

ठेकेदारांना माझे पाचपैकी चार स्टार. नंबर हवा असेल तर देते, पण फाल्गुनात काम काढू नका, आणि मलब्याची ओळ आधी लिहून घ्या.