ट्रेलराक अर्थच नाय! : कुडाळच्या वायरिंगवाल्या काकांबद्दल

होडी नवऱ्याची, गाडी माझी, अशी आमच्या घरात वाटणी आहे. मालवणजवळ देवबागला आमची निवास-न्याहरी आहे. गाडी म्हणजे २००८ चा पिकअप, तोही सेकंडहँड. एप्रिल-मेमध्ये त्यात आंब्याच्या पेट्या, एरवी भाजी, सिलिंडर, पाहुण्यांच्या बॅगा. आणि मागे ट्रेलर जोडून फायबरची छोटी होडी. १ जूनला मासेमारी बंद झाली की होडी घरामागच्या माडाखाली, त्याआधी ती रंगाला आणि डागडुजीला इकडेतिकडे न्यावी लागते.

गेल्या मेमध्ये कुडाळहून रिकामा ट्रेलर घेऊन येत होते. चौक्याच्या अलीकडे वळणावर ब्रेक मारला आणि मागच्या एसटीने जो हॉर्न दिला तो अजून कानात आहे. ड्रायव्हर पुढे येऊन थांबला आणि म्हणाला, "ताई, मागे काहीच पेटत नाही हो तुमच्या." घरी येऊन नवऱ्याला मागे उभं केलं. पार्किंग लावलं, ठीक. ब्रेक दाबला तर सगळेच दिवे मंद झाले. डावा इंडिकेटर दिला तर दोन्ही टेल लाईट त्याच तालात मिचमिच करायला लागले. नवरा म्हणाला, "आरतीला लावू या." ट्रेलर जरा हलवला तर सगळं ठीक. पुन्हा हलवला, पुन्हा अंधार.

काकांकडे पोचायच्या आधी मी दोन ठिकाणी पैसे घालवले. पहिल्याने चारही बल्ब बदलले. दुसऱ्याने आधी "वहिनी, दादांका पाठवा" असं सांगून बघितलं, मग फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) आणि स्टिअरिंगखालचा अख्खा इंडिकेटर स्विच बदलला. अठराशे रुपये. त्याच्या दारात सगळं छान पेटलं, पहिल्या गतिरोधकावर विझलं. नावं लिहीत नाही, दोघंही गावातलेच आहेत.

काकांची शेड कुडाळला हायवेलगत, टायरवाल्याच्या बाजूला. पाटीवर नाव नाही, नुसतं 'बॅटरी चार्जिंग, ऑटो इलेक्ट्रिक', त्यातला 'क' पुसलेला. काका साठीच्या पुढचे, हाफ पँट, कानावर पेन्सिल. समोर बाई आहे म्हणून वेगळं बोलणं नाही, एवढ्यावरच मी अर्धा तारा देऊन टाकला.

त्यांनी आधी बल्बला हातच लावला नाही. ट्रेलर सोडवला आणि एकटा पिकअप तपासला. गाडीचे स्वतःचे मागचे दिवे सगळे ठीक. मग गाडीच्या मागे ट्रेलरच्या दिव्यांची वायर जिथे जोडतात त्या सॉकेटपाशी बसले. ट्रेलरचं सॉकेट सात पिनांचं असतं आणि त्याचे रंग ठरलेले असतात, हे मला तिथे कळलं: डावा इंडिकेटर पिवळा, उजवा हिरवा, ब्रेकला लाल, उजव्या टेल लाईटला तपकिरी, डाव्याला काळा आणि तीन नंबरची पांढरी वायर म्हणजे अर्थ, करंट बॅटरीकडे परत जायची वाट. निळी मागच्या फॉग लाईटची, ती आमच्याकडे रिकामीच. आमच्या सॉकेटात आधीच्या कुणीतरी हे सगळं मनाला येईल तसं भरलेलं होतं.

तीन नंबरच्या भोकात त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घातलं तर पिनच आत पडली. बाहेर आली हिरवी पूड. पांढरी वायर कधी तुटली देव जाणे. म्हणजे इतके दिवस ट्रेलरचा अर्थ गाडीला ट्रेलर अडकवायच्या हुकाच्या गोळ्यातून, लोखंडाला लोखंड घासून मिळत होता. गोळ्यावर ग्रीस आणि गंज. गाडी उभी असताना तो टेकलेला राहायचा म्हणून दिवे पेटायचे, रस्त्यावर दणका बसला की सुटायचा.

"बाय, तुझ्या ट्रेलराक अर्थच नाय," काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले. हा विनोद ते दर गिऱ्हाइकाला ऐकवत असणार.

मग ट्रेलर परत जोडून त्यांनी जे केलं ते मी मोबाइलवर काढून ठेवलं आहे. दोन्ही टोकांना चिमटे लावलेली एक लांब वायर घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा ट्रेलरच्या सांगाड्याला, पत्रा जरा खरवडून. मिचमिच बंद! अर्धा मिनिटही लागला नाही. चिमटा काढला, पुन्हा आरती. मीटर लावून दाखवलं: पार्किंग आणि ब्रेक चालू असताना सांगाडा आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये चार व्होल्टच्या वर. शून्याच्या आसपास हवं. सगळ्या दिव्यांची जायची वाट वेगळी, पण परतीची एकच. ती बंद झाली की करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो, म्हणून इंडिकेटरबरोबर टेल लाईट लुकलुकतात. बल्ब बदलून यात काय होणार होतं?

चिमटा परत लावूनही ब्रेकचे दिवे जरा मंदच वाटत होते. लाल वायरवर मीटर बारा व्होल्ट दाखवत होता. तीच वायर टेस्ट लॅम्पला, म्हणजे तपासायच्या बल्बला, लावली तर तो मिणमिणला. मी म्हटलं, मीटर तर बरोबर दाखवतोय. "मीटराक केसासारखी एक तार भेटली तरी तो बारा दाखवता. बल्बाचा पोट भराक होया," काका म्हणाले. ब्रेकचा एक बल्ब २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर, आणि असे दोन. बंपरखाली टेपने गुंडाळलेला जोड होता, टेप उन्हाने वितळून चिकट झालेली. ती सोलली तर आत तांब्याची एकच तार शिल्लक. काकांनी वायर मागे कापली, सोलली: काळी. आणखी वीतभर कापली: काळी. चिमटीत चोळली तर मशेरीसारखी भुकटी. खारं पाणी वायरच्या आतून चढत जातं म्हणे, वातीत तेल चढतं तसं. दीड फूट कापल्यावर कुठे लालसर तांबं दिसलं.

शेवटी ट्रेलरची सगळी वायर नवीन टाकली. मी एलईडीचे सीलबंद दिवे टाकू का विचारलं, तर म्हणाले आत्ता नको, होल्डर चांगले आहेत. (विकायला त्यांच्याकडे होते, समोर लटकत होते.) जोडांना सोल्डर केलं नाही. हादऱ्याने सोल्डरच्या कडेला तार मोडते, असं त्यांचं म्हणणं. थिंबल (तारेवर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून, वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी श्रिंक ट्यूब, ती लायटरने आवळलेली. अर्थची वायर सांगाड्याला रंग घासून, बोल्टने, वर ग्रीस. आणि एक ताकीद: होडी पाण्यात उतरवण्याआधी गाडीकडची पिन, म्हणजे सॉकेटातला ट्रेलरचा प्लग, काढून ठेवायची. गरम बल्बवर थंड पाणी गेलं की तो तडकतो, आणि पेटत्या दिव्यांत खारं पाणी शिरलं की गंज दुप्पट वेगाने. नंतर गोड्या पाण्याने धुवायचं.

सामान सोळाशे पन्नास, मजुरी सातशे. आधीच्या दोघांचा हिशेब मी मांडलेला नाही, मांडणारही नाही.

आता तक्रारी. "दोन तासांत देतो" म्हणाले, लागला दीड दिवस. एक ते चार शेड बंद, जेवण आणि झोप, त्या वेळी फोन केलात तर उचलत नाहीत, उचलला तर ओरडतात. बिल मिळत नाही, वहीतला कागद फाडून देतात. नवीन सॉकेट त्यांनी जरा खालीच बसवलं, धक्क्याच्या उतारावर ते वाळूला लागायचं, म्हणून मला परत जाऊन चार इंच वर घ्यावं लागलं. त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत, चहा पाजला.

त्यानंतर पावसाळा गेला. ऑक्टोबरपासून होडी आठ-दहा वेळा खाली-वर झाली. दिवे ठीक आहेत. पिन काढायची एकदा राहिली, नवऱ्याकडून. साडेचार तारे.

जाणार असाल तर सकाळी नवाच्या आत पोचा आणि ट्रेलर बरोबर न्या. मी पहिल्यांदा नुसती गाडी घेऊन गेले होते. काकांनी मागे वाकून बघितलं, "ट्रेलर घरी ठेवन माका काय दाखवतंस?" म्हणाले आणि देवबागपर्यंत परत पाठवलं.